काशीनाथ देवरुखकरांच्या चोवीस बाटल्या

काशीनाथ देवरुखकर ते वाक्य बोलले आणि त्याच क्षणी त्यांना वाटलं, जीभ आवरायला हवी होती. पण तोवर अख्ख्या टायपिंग सेक्शनने ऐकलं होतं.

झालं असं, की १९९० च्या जानेवारीत फोर्टमधल्या त्यांच्या सल्लागार कंपनीच्या ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ चालला होता. निरोपसमारंभ म्हणजे एक सामोसा, चार वेफर, एक पेढा आणि साहेबांचं भाषण. शिपाई हरिश्चंद्र प्लेटा वाटता वाटता म्हणाला, "देवरुखकर, पुढच्या वर्षी एप्रिलअखेर तुमचा नंबर. तुमच्या वेळी तरी सामोसा गरम ठेवायला सांगा."

"माझ्या वेळी सामोसा नाही," काशीनाथ म्हणाले. "शॅम्पेन. आणि ती मी स्वतः केलेली असेल."

लोक हसले ते हसलेच. निकेतसाहेबांनी तर पुढे येऊन खांद्यावर थाप मारली. "काशीनाथ, यू आर टू मच!" निकेत दलाल हे मालकांचे चिरंजीव, काशीनाथांपेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवसापासून ते त्यांना नुसतं काशीनाथ म्हणत आले. पुढे राव नाही, भाऊ नाही, काही नाही.

आता काशीनाथांनी जन्मात कधी दारूचा थेंब चाखला नव्हता. खोकल्याच्या औषधानेही त्यांना गरगरायचं. पण आदल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला फसफसणाऱ्या वाइनचा कारखाना काढायची हुक्की आली होती. त्यासाठी एक फ्रेंच माणूस दोन महिने येऊन राहिला आणि एकशेबारा पानांचा रिपोर्ट लिहून गेला. तो रिपोर्ट काशीनाथांनी पाच वेळा टाइप केला. दर वेळी वर कुणाला तरी काहीतरी बदलायचं असायचं, आणि त्या फ्रेंच माणसाचं इंग्रजी तर देवाच्याच स्वाधीन होतं, तेही काशीनाथांनीच सुधारलं. मग निकेतसाहेबांनी शेवटच्या पानावर झोकात सही केली, गिऱ्हाइकाने कारखान्याचा बेत सोडला आणि रिपोर्ट कपाटात गेला. शॅम्पेन हा शब्ददेखील वापरायचा नसतो, तो फ्रान्समधल्या एका मुलखाच्या मालकीचा आहे, हे ऑफिसात फक्त काशीनाथांना ठाऊक होतं. पान तीन.

सव्वीस वर्षांत लाखभर पानं त्यांच्या बोटांखालून गेली आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. ही गोष्ट त्यांना आत कुठेतरी फार लागली होती. एक वस्तू, फक्त एक, अशी करायची की बघणारा म्हणेल, ही काशीनाथ देवरुखकरांनी केली. बास. याहून जास्त त्यांचं काही मागणं नव्हतं.

"आणि नाही जमलं तर?" घरी त्यांच्या पत्नी हंसाताईंनी विचारलं.

"तर सामोसा," काशीनाथ म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

अडचणींची सुरुवातच द्राक्षांपासून झाली. पान चौदाप्रमाणे या कामाला द्राक्षं लागतात ती आंबट. पुरती पिकायच्या आत तोडलेली, साखर कमी, आंबटपणा भरपूर. काशीनाथ पिशव्या घेऊन भाईंदरच्या बाजारात गेले. अहो, पण आंबट द्राक्षं विकत मागणारा माणूस त्या बाजाराने कधी पाहिलाच नव्हता.

"आंबट आहेत का?" त्यांनी विचारलं.

"क्या बात करते हो साब! एकदम शक्कर!"

"मग नकोत."

दुसऱ्याने शपथ घेतली. तिसऱ्याने द्राक्ष तोंडात कोंबलं. चौथा म्हणाला की एक जरी आंबट निघालं तर पेटी फुकट, आणि काशीनाथ आशेने सबंध घोस खाऊन बसले, पण कर्म, सगळीच गोड. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी हंसाताईंनी त्यांच्याबरोबर बाजारात जायचं बंद केलं. शेवटी एका म्हाताऱ्या फळवाल्याने त्यांना बाजूला घेतलं आणि चोरीचा माल दाखवावा तशी मागच्या तीन पेट्यांवरची गोणपाटं उचलली. आंबट निघाल्या म्हणून गिऱ्हाइकांनी परत केलेल्या पेट्या. काशीनाथांनी एक द्राक्ष चाखलं, त्यांचे दोन्ही डोळे मिटले आणि ते आनंदाने म्हणाले, "सगळी द्या."

तीस किलो द्राक्षं मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढवताना त्यांची कंबर धरली, ती पुढे महिनाभर धरलेलीच राहिली. रस काढायला यंत्र कुठलं? श्रीखंडाच्या चक्क्याचं फडकं होतं. हंसाताई आणि कामाला येणाऱ्या सरूबाई दोन टोकांना धरून पिळायच्या, आणि काशीनाथ "हळू, हळू, साल रगडायची नाही" म्हणत मध्ये लुडबुडायचे. रस पाण्याच्या निळ्या पिंपात भरला. आता, मीरा रोडला दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं. तिथे घरातलं एक पिंप वाइनला द्यायचं म्हणजे काय, हे ज्याने तिथे संसार केला त्यालाच कळेल. हंसाताई दीड महिना त्या पिंपाकडे सवतीकडे बघावं तसं बघत होत्या.

यीस्ट मात्र अस्सल होतं. फ्रेंच माणसाने नमुन्याच्या दोन पुड्या परिशिष्टाला टाचणीने टोचून ठेवल्या होत्या. कुणी पाहिल्या नाहीत, म्हणून त्या काशीनाथांच्या ड्रॉवरमध्ये आल्या. एक पुडी त्यांनी पिंपात घातली, दुसरी पुढच्या पायरीसाठी राखली.

काशीनाथ कायद्याला भिणारे गृहस्थ. रस कुबट बुडबुडे सोडायला लागला तसा त्यांना घाम फुटला आणि ते परवान्यासाठी एका कचेरीत गेले. कचेरीचं नाव इथे नको. तिथल्या कारकुनाने विचारलं, "दुकान, कारखाना, की आजारी? औषध म्हणून पिणाऱ्यांचा परवाना वेगळा."

"यातलं काहीच नाही. घरगुती. चोवीस बाटल्या. निरोपसमारंभासाठी."

कारकुनाने तीन रजिस्टरं चाळली. "नमुना नाही अशा अर्जाचा. नमुना नाही म्हणजे अर्ज घेता येत नाही. अर्ज घेतला नाही म्हणजे नामंजूरही करता येत नाही."

"मग मी काय समजू?"

"तुम्ही घरी जा," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त दमलेला होता. काशीनाथांनी घरी येऊन स्वतःच एक अर्जाचा नमुना टाइप केला, तीन प्रती, समास सोडून, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

एप्रिलात रसाची साधी वाइन झाली. आता खरी मेख. हीच वाइन जाड बाटल्यांत भरायची, त्यात मोजकी साखर आणि यीस्ट घालायचं, आणि बूच घट्ट लावायचं. आत पुन्हा आंबतं, पण वायूला बाहेर जायला वाट नसते. तोच फेस. जाड बाटल्या काशीनाथांनी घोडबंदरच्या एका भंगारवाल्याकडून मिळवल्या. बुचांसाठी ते राई गावात शिवा म्हात्रेकडे गेले. शिवाचा सोड्याचा कारखाना होता, म्हणजे एक शेड, एक यंत्र आणि शिवा.

शिवाने सगळं ऐकून घेतलं. "बूच मारून देतो. पण काका, साखर मोजून घाला हां. माझ्या बापाची एक बाटली फुटली व्हती, अजून त्याच्या हनवटीला खूण हाय. जास्त झाली ना, तर ती बाटली न्हाय, बाँब हाय."

काशीनाथांनी पान बावीसप्रमाणे लिटरला चोवीस ग्रॅम साखर मोजली, तीही सोनाराकडून आणलेल्या तराजूत. पिंपात विरघळवली, यीस्ट घातलं, बाटल्या भरल्या आणि बुचं लावायच्या आधी अंघोळीला गेले. तेवढ्यात हंसाताईंनी बोट बुडवून चव घेतली. आंबट ढाण! एवढ्या लोकांना हे द्यायचं? नवऱ्याची शोभा होईल. बिचाऱ्या मायेपोटीच धावल्या. बारा बाटल्यांत चमचा चमचा साखर घातली, तेवढ्यात नळाचा आवाज थांबला म्हणून उरलेल्या राहिल्या.

बाटल्या थंड जागी ठेवायच्या. फ्रान्समध्ये खडूच्या डोंगरात भुयारं असतात. सिल्व्हर पार्कमध्ये पंपरूम होती. खाली पाण्याची टाकी असल्यामुळे इमारतीत तेवढीच जागा जरा गार. सोसायटीचे सेक्रेटरी जयकुमार शहा समोरच राहायचे. सज्जन माणूस, पक्का जैन, कांदासुद्धा खात नसे. त्यांना काय सांगायचं, या विचाराने काशीनाथांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी सांगितलं, "द्राक्षासव करतोय. औषधी."

"अरे वा, देशी दवा! रखो ना, रखो," जयकुमारभाई म्हणाले, आणि पंपरूमची किल्ली काढून दिली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी अडीचला, पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग एकीने दुसरीला फोडत रांगच लागली. सगळी इमारत वामकुक्षीतून उठून रस्त्यावर आली. कुणी म्हणालं सिलेंडर, कुणी म्हणालं टँकरवाल्यांनी सूड घेतला. तळमजल्यावरच्या आजोबांनी बनियनवरच मैदान गाठलं. पोलीसही आले, त्यांनी नाकाने दोनदा हुंगलं आणि तिसऱ्यांदा हुंगायची गरज पडली नाही. काशीनाथांनी अर्जाच्या रजिस्टर पोस्टाची पोच पावती दाखवली. हवालदाराने ती उलटसुलट वाचली. "अर्ज केलाय म्हणता? मग ठीक आहे," म्हणून तो गेला. सरकारी शिक्क्याची ताकद काशीनाथांना त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडली.

अकरा बाटल्या गेल्या. हंसाताईंनी त्याच संध्याकाळी रडत रडत साखरेचं सांगून टाकलं. काशीनाथांनी फुटलेली बुडं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "बारा गोड केल्या होत्यास ना? मग एक अजून आहे. ती कुठली, ते ओळखता येतंय का?" ओळखता येईना. तेव्हापासून दोघंही त्या बाटल्यांजवळ जाताना तोंडासमोर ताट धरत.

पण जयकुमारभाईंचं प्रकरण अवघड गेलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दारात उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "देवरुखकरभाई, तुम्ही आसव बोलले. मी घरात बोललो, देवरुखकर के वहाँ दवा बन रहा है. आमच्या चंद्रावतीने पंपरूमला लिंबू-मिरची बांधली, नजर लागू नये म्हणून."

"चुकलं माझं," काशीनाथ म्हणाले.

"मी हो नसतो बोललो, ती गोष्ट वेगळी. पण तुम्ही मला खरं बोलायचं होतं ना." त्यांनी हात पुढे केला आणि काशीनाथांनी पंपरूमची किल्ली त्यावर ठेवली. सबंध प्रकरणात काशीनाथांना खरी शरम वाटली ती या एका गोष्टीची.

उरलेल्या तेरा बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली गेल्या. सगळा पावसाळा त्यांच्यावर झोपून काढला. पान सव्वीस सांगतं की मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन निदान नऊ महिने पडू द्यावी, तेव्हा चवीला खोली येते. काशीनाथ सकाळी उठून पलंगाखाली वाकायचे, आणि जिना चढता-उतरता शेजारी सल्ले द्यायचे. कुणी म्हणे जायफळ घाला, कुणी म्हणे उन्हात ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर दहा वर्षं दुबईत काढली होती, त्यामुळे त्याला सगळंच माहीत होतं. बुचं गळून पाच बाटल्या सपक झाल्या. उरल्या आठ.

फेब्रुवारीत काशीनाथांनी जुन्या कपाटाच्या दाराला भोकं पाडून घेतली आणि त्यात बाटल्या माना खाली करून तिरक्या खोचल्या. रोज प्रत्येक बाटली किंचित हलवून थोडी फिरवायची आणि थोडी जास्त उभी करायची. सहा आठवडे. म्हणजे गाळ हळूहळू घसरत मानेत येऊन बसतो. कुठवर फिरवली ते कळायला प्रत्येकीच्या बुडावर खडूची रेघ. काशीनाथ इतक्या निष्ठेने बाटल्या फिरवत की त्यांनी तितक्या निष्ठेने कधी जपमाळही फिरवली नव्हती. पाडव्याला गाळ जवळजवळ पुरता मानेत आला होता.

पाडव्याच्या दिवशी ते श्रीखंड घेऊन घरी आले, तर आठही बाटल्या शोकेसमध्ये सरळ उभ्या. साबणाने धुऊन लखलखीत. प्रत्येकीला हळदीकुंकवाची दोन बोटं. गाळ ढवळून सगळा पुन्हा तळाला.

"सणाच्या दिवशी घरात भांडी उलटी ठेवतात का?" हंसाताई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "अगंबाई. काय झालं?"

काशीनाथ श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. रागवायलाही अंगात बळ लागतं, ते उरलं नव्हतं. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. निरोपाला बरोबर सहा होते. "काही नाही," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून." हंसाताईंनी पदर खोचला. "मला दाखवा कसं फिरवायचं. सकाळच्या मी करीन." त्या दिवसापासून सकाळी हंसाताई आणि संध्याकाळी काशीनाथ, असं ते चाललं. खडूच्या रेघेऐवजी कुंकवाचं बोट बघून फिरवत.

आता शेवटची पायरी, गाळ काढणं. बूच उघडायचं, आतल्या दाबाने गाळाची गुठळी बाहेर उडते, आणि त्याच झटक्यात बाटली सरळ करून अंगठा दाबायचा. हे कसं करायचं ते रिपोर्टमध्ये एका ओळीत होतं: आकृती अकरा पाहावी. काशीनाथांनी ही ओळ पाच वेळा टाइप केली होती. पण आकृत्या दुसऱ्या विभागात चिकटवत, त्यामुळे आकृती अकरा त्यांनी बापजन्मात पाहिली नव्हती.

निरोपाच्या आदल्या रविवारी शिवा बर्फ आणि मीठ घेऊन आला. माना बर्फात गार केल्या. पहिल्या बाटलीने न्हाणीघराचं छत धुतलं. दुसरीने शिवाला. तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी निम्म्याहून जास्त मोरीत गेल्या. सातवीला काशीनाथांच्या मनगटाला एकदम काहीतरी उमगलं. गुठळी उडाली, अंगठा बसला, वाइन आत राहिली. शिवा ओरडला, "जमला! काका, जमला!" ती बाटली इतरांतल्या उरलेल्या वाइनने भरून, बूच तारेने बांधून ठेवली. वर काशीनाथांनी टाइप केलेलं लेबल लावलं, त्यावर त्यांचं पूर्ण नाव. आठवीला हात लावायची कुणाची हिंमत होईना.

"तिला तशीच ठेवा, डोकं खाली," शिवा म्हणाला. "सोड्याच्या क्रेटात बर्फात घालून नेऊ. माझा टेम्पो हाय ना."

मंगळवारी संध्याकाळी चारला कॉन्फरन्स रूममध्ये समारंभ झाला. हंसाताई ठेवणीतली पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निकेतसाहेब बोलले, की काशीनाथच्या टायपिंगमध्ये सत्तावीस वर्षांत एक चूक सापडली नाही. टाळ्या झाल्या. मग काशीनाथांनी बाटली उघडली. फट् असा लहानसा आवाज आला, आणि पेल्यात बारीक बुडबुड्यांची धार तळापासून वर चढत राहिली. पहिला पेला निकेतसाहेबांना दिला.

साहेबांनी घोट घेतला. थांबले. आणखी एक घेतला. त्यांनी पॅरिसमध्ये चाखलेली होती, त्यांना कळत होतं. 

"ब्यूटीफुल," साहेब म्हणाले. "काशीनाथ, खरं सांगा. कुठून मागवलीत? कस्टम्समध्ये ओळख आहे ना?"

"मी केली, साहेब."

"कम ऑन! लेबल मस्त केलंय, मान्य. टायपिंग तुमचंच." सगळी खोली खदखदून हसली. हरिश्चंद्रसुद्धा हसला. काशीनाथही सवयीने हसले आणि हसता हसता त्यांना वाटलं, संपलं. वाईट झाली असती तर ती त्यांची ठरली असती. चांगली झाली म्हणून ती त्यांची नव्हती.

तेवढ्यात हंसाताई उठल्या. "त्यांनीच केलीय," त्या म्हणाल्या.  "फेब्रुवारीत द्राक्षं आणली. पलंगाखाली नऊ महिने. मी रोज सकाळी फिरवलीय." आणि हवेत मनगट वळवून त्यांनी दाखवलं, किती फिरवायचं ते.

"वहिनीपण सामील आहेत!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि हशा दुप्पट झाला. हंसाताई खाली बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

आपल्यावर हसलेलं काशीनाथांनी सत्तावीस वर्षं चालवून घेतलं होतं. हे मात्र त्यांना चालणार नव्हतं. ते कोपऱ्यातल्या क्रेटापाशी गेले आणि आठवी बाटली काढली, डोकं खाली, कुंकवाचं बोट वर. "साहेब, जरा मागे सरका," ते म्हणाले. साहेब हसत जागेवरच उभे राहिले. काशीनाथांनी बूच उघडलं.

बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. करड्या गाळाची गुठळी साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर, बरोबर खिशापाशी, फाटकन बसली. मागून फेसाची चिळकांडी टेबलावर, भाषणाच्या कागदावर, गालिच्यावर. आणि काशीनाथांचा अंगठा अचूक बसला. बाटली सरळ, तीन चतुर्थांश भरलेली.



"हे... हे काय आहे?" साहेबांनी खिशाकडे बघत विचारलं.

"यीस्टचा गाळ. बाजारातल्या तयार बाटलीत हा नसतो. करणाऱ्याकडेच असतो."

साहेबांनी बोटाने गाळ उचलला आणि हुंगला. आता ते हसत नव्हते. "तुम्ही केलीत," ते म्हणाले. "खरंच केलीत. अहो, पण ही पद्धत तुम्हाला शिकवली कुणी?"

"तुम्हीच, साहेब. पान चौदा ते चौतीस. शेवटच्या पानावर तुमची सही आहे."

साहेबांनी पुन्हा खिशाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरून फेसाचा एक थेंब ओघळत होता. मग ते फक्त काशीनाथांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मी तो रिपोर्ट वाचला नव्हता, देवरुखकर."

"मला माहीत आहे," काशीनाथ म्हणाले. "मी पाच वेळा वाचला."

हरिश्चंद्र धावत जाऊन फडकं घेऊन आला आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने त्याने ते काशीनाथांच्या हातात दिलं. काशीनाथांनी फडक्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. मग फडकं नीट घडी करून त्यांनी निकेतसाहेबांच्या हातात ठेवलं, आणि बाटली घेऊन हंसाताईंचा पेला भरायला गेले.